इंग्रजी आठ

हेतवी म्हणाली, काकी, तुम्ही चहा ठेवा,
कॅमेऱ्याकडे बघू नका.
मी बघितलंच. तेवढा तुकडा तिनं काढून टाकला म्हणे.
बरं आहे बाई तुमचं.

हे दारातून आत आले.
"फरीथी, इंगळेकाका. पुन्हा एकदा."
पुन्हा आले.
सहाव्यांदाही चपला तशाच काढल्या, उजवी आधी,
आणि घर असं न्याहाळलं
की कुणीतरी पहिल्यांदाच जेवायला बोलावलंय.
माइक धरणारी पोरगी म्हणाली,
असा नट मिळायचा नाही,
एकही टेक शिळा नाही.
मी गॅस बारीक केला.
आमच्याकडे हे रोजचंच आहे, पोरी,
फक्त कट म्हणायला कुणी नसतं.

चौतीस वर्षं यांनी फॅकल्टीत दगड घासले.
चित्रं दुसऱ्यांची, दगड यांचे.
छापून झालं की जुनं पुसायचं:
पाणी, कार्बोरंडमची पूड, दगडावर दगड,
आणि हात फिरवायचा इंग्रजी आठासारखा.
मराठी आठ चालत नाही, म्हणायचे,
तो एका टोकाला सुटून जातो.
लग्न नवं असताना मला दाखवायला नेलं होतं.
घासलेला दगड उन्हात तिरका धरला,
बघ शालन, दिसतं का काही?
एक बाई दिसली. पाठमोरी. अंबाड्यात कसलंसं फूल.
कितीही घासा, जात नाही पुरती,
तेल आत मुरलेलं असतं.
मुलं तिला भूत म्हणतात.
मी म्हणतो, राहू दे बिचारीला.

आता दुपारभर जेवणाच्या टेबलावर हात फिरतो.
सनमायका एका जागी पांढरा पडलाय.
कारेलीबागेतले डॉक्टर म्हणाले, फिरू द्या.

मार्चमधली गोष्ट.
मी दूध घेऊन आले, तर उठून उभे राहिले:
"आवो बेन, बेसो."
आमच्या घरात गुजराती बाहेरच्यांसाठी.
भाजीवाली, बँक, समोरचे पटेल.
भांडण मराठीत, लाड मराठीत,
धोब्याचा हिशेबसुद्धा मराठीत.
सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला
उंबऱ्याबाहेर उभं केलं,
तेही इतक्या अदबीनं.
बसले. काय करणार.
"तमारे कोनुं काम छे?"
इंगळेंकडे आलेय, मी म्हटलं. मराठीत, मुद्दाम.
"ए तो फॅकल्टी गया. सांजे आवशे."
मग पिशवीतलं दूध कोमट होईपर्यंत
आम्ही दोघं त्यांची वाट बघत बसलो.

फिल्म दाखवली फॅकल्टीच्या अंगणात,
दोन झाडांमध्ये चादर बांधून.
डास फार. खुर्च्या कमी.
जुनी मुलं आली होती, आता टक्कल पडलेली,
एकानं यांच्या पायांना हात लावला,
यांनी त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली.
चादरीवर यांचा हात, टेबल, आमची खिडकी,
सूरसागरवर उतरणाऱ्या घारी
(त्या कशाला घेतल्या, मला कळलं नाही).
मग स्वयंपाकघर. गॅससमोर पाठमोरी
मी.
अंबाडा इतका पांढरा झालाय, मला माहीत नव्हतं.

हे उठले. कुणी अडवलं नाही.
सरळ चादरीपाशी गेले,
अर्ध्या चित्रावर यांचीच सावली.
मान तिरकी करून बघितलं, बाजूनं, खालून.
तळवा टेकवला माझ्या पाठीवर
आणि फिरवू लागले. आठ. आठ.
चादर हलली, मी हलले,
चहाचं भांडं वाकडं झालं.
हेतवीनं मशीन बंद केलं नाही.
बराच वेळ घासून हात थांबला.
"राहू दे बिचारीला,"
कुणाला म्हणाले कोण जाणे.
मराठीत म्हणाले.

काळ्या घोड्यापाशी रिक्षा मिळाली.
क्यां जवुं छे, काका?
यांनी माझ्याकडे बघितलं,
ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, किंवा
शेजारी बसलंय म्हणून.
पत्ता मी सांगितला.
गुजरातीत.